इचारलं म्हणून

नाय नाय, उठू नका मॅडम, बसा – बसा तशाच, मी हाकलायला आलो नाय. म्हणजे आलोय तसा हाकलायलाच – ते वर पांढऱ्या टोपीवाले हात हलवून ओरडत्यात ना, ते माझे चुलते, काकासाहेब, त्यांनीच पाठवलंय. जा म्हणले राम्या, त्या गोऱ्या बाईला घाटावरनं उठव, तिच्या कॅमेऱ्याच्या काळ्या काचेला भिऊन कावळा खाली उतरंना. आता कावळा काचेला भितो का? इथले कावळे माणसाच्या हातातनं भजी पळवत्यात, ते काय काचेला भिणार. पण काका म्हणले म्हणून आलो. अन् तुमचा तो गाइड कुठंय – श्रीधर का कोण – गाडी काढायला गेला, व्हय, त्याच्या गाडीपायी तिकडं दुसऱ्या दहाव्याचा टेम्पो अडकलाय. म्हणजे आता मी बोलणार अन् तुमी नुसत्या बघणार. मराठी येतं का? थोडं थोडं? नाय ना. नमस्ते तेवढं येतं. बरंय. बरंच हाय मग. मी बी टेकतो जरा. ओल्या अंगाला पायरी चटका देती, पण टेकतो – सकाळपासनं नुसतं ऊठ, वाक, हात जोड, पाणी सोड. बस म्हणून कुणी म्हणलं नाय.

तुमाला वाटत असंल हे चाललंय काय. ते खाली दगडावर, पत्रावळीवर, भाताचा गोळा दिसतोय? तो पिंड. माझ्या थोरल्या भावाचा. कडूबा नाव त्याचं, मी दादा म्हणायचो. आज दहावा त्याचा. कावळ्यानं येऊन पिंडाला चोच लावली की समजायचं, माणूस सुखानं गेला, मागं काय राहिलं नाय. अन् नाय शिवला तर काहीतरी अडकलंय त्याचं. मग घरच्यांनी एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे अन् सांगायचं – बाबा, तुझं हे मी करीन, ते मी करीन, तू जा. ते त्याला पटलं की कावळा येतो. सकाळपासनं तेच चाललंय आमचं. शेजारी बघा, त्या गंगापूरच्या म्हातारीचा पिंड – भटजींचा हात बाजूला व्हायच्या आत तीन कावळे टपकले. लोक हसले. तिचा लेकच म्हणला, म्हातारी जितेपणी बी अशीच, वाढायच्या आधी ताटावर बसायची. अन् आमचा पिंड तसाच. शेजारी मिरचीची भजी ठेवली, दादाला लई आवडायची, ती बी तशीच. त्या उंबरावर बसलेत बघा सगळे – बघत्यात, माना वाकड्या करत्यात, उतरत नायत.

माय पुढं झाली आधी. ती बघा, पाय लांब करून बसलीये ती, मांडीवर पिशवी घेतलेली, ती माझी माय, आवडाबाई. म्हणली, कडूबा, तुझ्या छकुलीला मी शिकवीन, तिला काय कमी पडू देणार नाय. नाय आला. मग वहिनी, दादाची बायको. तिला दोघींनी धरून आणली. ती म्हणली, मी कुठं जाणार नाय, जल्मभर हितंच राहीन – मॅडम, एवढ्याशा वयाच्या पोरीकडनं असलं कबूल करून घेत्यात का? पण सगळे उंबराकडं बघत होते. नाय आला. बरं झालं नाय आला. मग काका. काकांचा अन् आमचा बांधावरच्या आंब्यावरनं तंटा, मी लहान होतो तवापासनं. तर काकांनी सगळ्या भावकीपुढं हात जोडले अन् आंबा सोडला. म्हणले, कडूबा, आंबा तुमचा, जा बाबा आता. अन् तरी बी कावळा आला नाय! आता आंबा बी गेला अन् कावळा बी नाय, म्हणून ते एवढे तापलेत. तुमच्यावर नाय तापलेले, आंब्यापायी तापलेत – हसलात? मी हसलो म्हणून हसलात. हसायचं नसतं इथं. दादा असता तर हसला असता.

मला तुमाला वेगळंच इचारायचंय. तुमी इचारलं कशाला? सकाळी मी डोकं भादरून नदीतनं वर आलो तर तुमी ह्याच पायरीवर, कॅमेरा मांडीवर, तोंड खाली केलेलं. अन् तो श्रीधर पुढं येऊन सांगतो – मॅडम देवळाचे फोटो काढायला आल्यात, तुमचा विधी बघून थांबल्या, म्हणत्यात फोटो काढला तर चालंल का, घरच्यांनी नाय म्हणलं तर काढणार नायत. अन् तुमी माझ्याकडं बघताय. काकाकडं नाय, भटजीकडं नाय. पिंडाचं पातेलं माझ्या हातात बघून तुमाला वाटलं असंल, हाच ह्यांचा मालक. मी मान हलवली – ही अशी. व्हय बी नाय अन् नाय बी नाय. आमच्याकडं अशी मान हलवली की समोरचा त्याला पायजे ते समजून घेतो अन् कामाला लागतो. तुमी नाय लागलात. तुमी थांबलात. तवापासनं थांबूनच हायत. मी पिंडापुढं हात जोडून उभा, अन् डोळा इकडं – आता काढती, मग काढती – एक बी काढला नाय.

न इचारता काढला असता ना, लई सोपं झालं असतं. मी असा हाय, माझं डोकं लगेच फिरतं. कॅमेरा हिसकून गोदावरीत फेकला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, लोकांनी मला धरलं असतं, अन् मला बरं वाटलं असतं. कुणाला तरी मारावं वाटतंय मॅडम, कधीपासनं, अन् कुणी सापडंना. दादाला उडवून गेलेला ट्रकवाला बी सापडला नाय. तुमी सापडलात, तर तुमी इचारून बसलात. इचारल्यावर मारता येत नाय. इचारल्यावर उत्तर द्यावं लागतं. अन् उत्तर द्यायचं काम माझं नव्हतंच कधी. ते दादाचं. कुणी दारात आलं, काय इचारलं, की मी म्हणायचो, दादा येऊ द्या. बाजारात बैलाचा भाव कुणी इचारला तरी – दादा येऊ द्या. आता सगळे मलाच इचारत्यात. दवाखान्यातला माणूस म्हणला, नातं काय, सही कोण करणार? मी सातवीतनं शाळा सोडलेला, सही केली की माझं नाव मलाच वाकडं दिसतं. अन् आज सकाळी भटजी म्हणले, गोत्र सांगा. मी म्हणलो, दादाला इचारून सांगतो. खरंच म्हणलो मॅडम. सगळ्या भावकीपुढं, हातात पाणी घेऊन, दादाला इचारून सांगतो. भटजींनीच खाली बघून काश्यप म्हणून टाकलं.

दादानं तुमाला चटकन सांगितलं असतं. त्याला फोटोचं कळायचं. वाळूजला कंपनीत होता तो, लेथवर. तिथं एकदा तुमच्यासारखीच गोरी माणसं आलती, मशीन बसवायला, कुठल्या देशाची कुणास ठाऊक. त्यातल्या एकानं दादाला खुणेनं इचारलं – तुमच्यासारखंच, कॅमेरा दाखवून, भुवया वर करून – काढू का? दादा म्हणला, यस सर, वन मिनिट. अन् गेला. गेला तो साबण लावून तोंड धुवून, हात कोपरापर्यंत धुवून, केस विंचरून, गळ्यापर्यंतचं बटण लावून आला अन् मशीनपुढं उभा राहिला, हात पँटच्या शिवणीला लावून, शाळेत प्रार्थनेला उभं राहत्यात तसा! तो गोरा कपाळाला हात लावून बसला. त्याला तेलानं काळा झालेला, कामात बुडालेला माणूस पायजे होता. म्हणला, पुन्हा काळं लाव, काम कर, इकडं बघू नको. दादा म्हणला, नो सर. घरी येऊन आमाला सांगायचा – अरे, तेल रोजचंच हाय, त्याचा मी पगार घेतो. पण फोटो माझा हाय. काढायचा तर माणसाला आधी तोंड धुवू द्यावं. वहिनी हसून लोळायची. घरात कुणी मोबाइल धरला तरी दादा म्हणायचा, थांब. अन् हात असा – बघा, असा – कपाळावरनं मागं, केसावरनं, बोटांनीच. एकदा. दोनदा. मग मान ताठ करायची अन् म्हणायचा, हां, काढ. म्हणून त्याचे सगळे फोटो सारखे, खांबासारखे. लग्नातला बी तसाच, शेजारी वहिनी हसतीये अन् हा खांब. वहिनी चिडवायची – तुमी नवरा हायत का आधारकार्ड हायत?

पाणी? नको. नको म्हणतो... द्या. द्या इकडं. लई गार हाय. हं.

मॅडम, एक सांगतो. तो गाइड यायच्या आत सांगतो. तुमाला कळत नाय म्हणून सांगतो, कळत असतं तर जीभ उचलली नसती. दादा दुपारच्या पाळीला चालला होता, मोटारसायकलवर. ट्रकनं मागनं उडवला. घरी सगळ्यांना मीच सांगितलं – जागेवर गेला, त्याला काय कळलं बी नाय. माय तेवढ्यावर तग धरून हाय. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगती, माझ्या लेकराला काय कळलं नाय गं, झोपल्यागत गेला. तसं नाय झालं. मला माहितीये. मी तिथं नव्हतो, पण मी बघितलंय. मी आमच्या फाट्यावर, पंक्चरच्या दुकानात, ट्यूब पाण्यात धरून बसलो होतो, अन् मोबाइलवर व्हिडिओ आला. गावाच्या ग्रुपवर. वाळूज रोडला अपघात, पुढं पाठवा. असले रोजच येत्यात, मी हात पुसले अन् बघितला. एक माणूस रस्त्याच्या कडेला पडलाय, तोंड पलीकडं. शर्ट मातीचाच झालेला. भोवतीनं पायच पाय – बूट, चपला – अन् वरनं मोबाइल धरलेले. कुणीतरी म्हणतंय, अरे, ॲम्ब्युलन्सला फोन लावा कुणीतरी. सगळ्यांच्या हातात फोन, मॅडम. हा त्याला म्हणतोय लाव, तो ह्याला. मला बी वाटलं, कोण हाय बिचारा. अन् मग त्या माणसाला दिसलं असंल, वरनं मोबाइल धरलाय म्हणून. त्यानं हात उचलला. हळू, लई हळू. अन् कपाळावरनं मागं नेला. केसावरनं. बोटांनी. एकदा. दुसऱ्यांदा नेताना हात पडला.

तोंड दिसलंच नाय त्यात. गाडी बी नाय. मी हातावरनं ओळखला.

व्हिडिओच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं – डोक्याला मार दिसतोय, बघा हात डोक्याकडं जातोय. डोक्याकडं नाय बाबांनो! तो तयार होत होता. त्याला वाटलं, फोटो काढत्यात. थांबा म्हणत होता तो. एवढी माणसं, अन् एकाला कळलं नाय की हा माणूस थांबा म्हणतोय... रडू नका. तुमाला कसं काय कळलं? मी हात करून दाखवला म्हणून? नाय, नाय, तुमाला कळलेलं नाय. मी रडलो म्हणून रडताय तुमी, मघा हसलात तसं. पुसा डोळे, लोकांना वाटंल मी काय बोललो तुमाला.

काकांनी त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांचे मोबाइल मागून घेतले. वहिनीच्या नजरेला पडू नये म्हणून सगळ्यांकडनं पुसून घेतला. मी बी म्हणलो, पुसला. नाय पुसला. हाय माझ्याकडं. तो मोबाइल कुठंय माहितीये? मायच्या मांडीवरच्या त्या पिशवीत, माझ्या कोरड्या कपड्यात गुंडाळलेला. बघतो मी. बघू नये वाटतं अन् बघतो, आवाज बंद करून. कशाला बघतो? तुमीच सांगा. बाकीच्या सगळ्या फोटोत दादा खांब हाय. ह्याच्यातच तेवढा हालतो. हे पुसलं तर तो पुन्हा हालणार नाय.

अन् कावळा का येत नाय ते बी मला माहितीये. काकांच्या नंतर माझी पाळी होती. मी मोठ्यानं म्हणलो, दादा, मायला बघीन, छकुलीला शिकवीन, वहिनीला बहिणीसारखी सांभाळीन, तिनं उद्या दुसरं लगीन करायचं म्हणलं तरी मी उभा राहीन – तवा काकांनी डोळे वटारले, वटारू द्या. ते सगळं करीनच मी. दादाला बी ठाऊक हाय मी करीन, त्यासाठी तो कशाला अडकून बसंल? त्याला पायजे तो व्हिडिओ बंद झालेला. सगळीकडचा. मातीत पडलेला, तोंड न धुतलेला, तसा त्याला कुणी बघू नये, एवढंच पायजे त्याला. अन् ते मी कसं कबूल करू? माझ्यातला पुसीन मी – आज नाय, पण पुसीन कधीतरी. बाकीच्यांचं काय? परवा एक पाहुणा भेटायला आला, मायच्या समोर बसला, डोळे पुसले, चहा पिला, अन् बाहेर चपला घालताना मला हळूच म्हणतो – मला बी आला होता तो व्हिडिओ, लई वाईट झालं. म्हणजे मायच्या समोर बसला तवा त्याच्या खिशात होता तो, मॅडम. दादा त्याच्या खिशात होता. मी किती लोकांच्या खिशात हात घालू? पुण्याला गेलाय, मुंबईला गेलाय, तुमच्या देशात बी गेला असंल, काय सांगावं. पिंडापुढं खोटं बोलायचं नसतं. म्हणून तेवढं मी बोललोच नाय, नुसते ओठ हालवले. त्याला कळलं असंल. लहानपणी बी मी ओठ हालवून शपथ घेतली की कान पिळायचा.

ते बघा. भटजींनी दर्भ काढला. आता गवताचा कावळा करत्यात. खरा नाय आला की असा गवताचा करायचा अन् पिंडाला शिववायचा, म्हणजे झालं. ऊन चढलं, लोकांना गावाकडं जायचंय, जेवणं राहिलीत. शास्त्रात चालतं म्हणत्यात. चालत असंल. – आलो, काका! आलो! सांगतोय की! तिला मराठी कळत नाय, खुणेनं सांगायला येळ लागतो!

तर तुमचं उत्तर राहिलं. दादा असता तर म्हणला असता, व्हय, काढा, थांबा, तोंड धुवून येतो. पण तो आता कुठनं येतोय. अन् आमी – माझं हे असं डोकं, हा ओला टॉवेल, माय ही अशी, वहिनीला तर कुणी आज तोंड धू म्हणून बी म्हणलं नसंल. नको मॅडम. नको. फोटो नको. हात असा केला की तुमच्याकडं बी कळतं ना? असा. नको.

झाकण लावलं? अन् पिशवीत बी ठेवला.

एवढंच? एवढंच असतं व्हय? मी हात केला अन् बंद. मला वाटलं, लई काय काय सांगावं लागंल. मला वाटलं, तुमी म्हणाल एकच काढते, लांबनं काढते, तोंड दिसणार नाय असा काढते... नाय, मला काय झालं नाय. हात नका धरू. सोडा हात, मॅडम, माय बघतीये.

या श्रीधरसाहेब, आलात? निघाला टेम्पो? काय नाय साहेब, बसलो होतो जरा. भांडण? नाय हो. फोटोला नको म्हणलो, त्यांनी ठेवला कॅमेरा. बाकी काय बोलणार, त्यांना कुठं मराठी कळतंय. रडायला काय झालं ते मला काय माहीत, तुमीच इचारा गाडीत बसल्यावर. काय म्हणत्यात त्या? नको, मला नका सांगू. त्यांनी इचारलं, मी सांगितलं, झालं. सांगू नका म्हणलो ना! न्या त्यांना वर. मला जाऊ द्या, कावळा माझ्याच हातानं शिववायचाय.